बशी काढलेला कप

कलशेट्टी सरांना बसलेलं मी सहा वर्षांत एकदाच पाहिलं, तेही लोहाऱ्याच्या स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर. एरवी हा माणूस कायम उभा. स्टाफरूममध्ये त्यांच्या वाटणीची एक खुर्ची होती, तिच्यावर त्यांची पिशवी बसायची. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं, हजेरीपट भरायचा तोही खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून. सही करायला बोलावून मुख्याध्यापकांनी समोरची खुर्ची दाखवली की म्हणायचे, असू द्या, निघायचंच आहे. कुठं निघायचं होतं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. वर्गात शिकवताना ते इतक्या येरझारा घालत की पहिल्या बाकावरच्या पोरी माना वळवून वळवून कंटाळायच्या.

सरांना शाळा सोडून वर्ष झालं. परवा विज्ञानखोलीचं कपाट आवरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तळाच्या फळीवर चिठ्ठ्यांचे गठ्ठे निघाले, प्रत्येक गठ्ठ्याला सुतळी बांधलेली, आणि त्यांच्या मागं निळ्या काठाचा एक कप. एकच. त्याचा जोडीदार कुठं गेला ते मला ठाऊक आहे. आवरायचं बाजूला राहिलं आणि मी तिथंच फरशीवर बसून त्या चिठ्ठ्या वाचत बसले.

सर उंच, किडकिडीत, शर्टाची डावी बाही दुमडलेली आणि उजवी तशीच. सकाळी कपाळावर भस्माचे पट्टे असत, मधल्या सुट्टीपर्यंत घामानं निम्मे गेलेले. खिशात दोन पेनं आणि दोरा बांधलेलं एक भिंग. घरची बोली कानडी, त्यामुळं काही दाखवायचं झालं की तोंडातून आधी 'नोडरी' यायचं, म्हणजे 'बघा'. पोरं त्यांना मागून नोडरी सरच म्हणायची, आणि ते त्यांना माहीत होतं. चहा प्यायचे तो स्वतःच्या स्टीलच्या ग्लासातून. त्या ग्लासावर लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, 'महानंदा', आणि खाली गावाचं नाव, 'आळंद'. कपातून दिलेला चहा त्यांनी कधी घेतला नाही. कपाच्या कानात बोट अडकतं, हात अडकला की डोकं अडकतं, असं त्यांचं म्हणणं.

मी लोहाऱ्याच्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझ्या तोंडाकडं न बघता पिशवीकडं बघितलं आणि एका दमात सांगून टाकलं की माझं माहेर परंड्याचं, घरी सासू आहे, उमरग्याहून येताना मी जीपमध्ये डाव्या कडेला बसले होते आणि निघताना माझा नवरा रागावलेला होता. मी चाटच पडले. माहेर बरोबर होतं, पण ते त्यांनी माझ्या कागदपत्रांत वाचलं होतं, हे शिपायानं मला महिन्याभरानं सांगितलं. सासूचं बरोबर होतं, कारण डब्याला जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं होतं. जीपचंही बरोबर, डाव्या बाहीवर धूळ होती. नवऱ्याचं तेवढं चुकलं. रागावले होते मी. पण तसं सांगायला तोंड उघडेपर्यंत सर पुढच्या माणसाच्या पिशवीकडं वळलेले होते.

हे त्यांचं नेहमीचं. माणसाला काही विचारायचं नाही, त्याच्या वस्तूंकडं बघायचं आणि त्याचं त्यालाच सांगायचं. "माणूस काय म्हणतो ते सोडा, वस्तू काय म्हणते ते बघा," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. गंमत म्हणजे निम्म्या वेळा त्यांचा अंदाज साफ चुकायचा. चुकला की ते जराही ओशाळत नसत. वस्तूचं चुकलेलं नसतं, माझं बघणं कमी पडलं, असं म्हणत पुन्हा फेऱ्या मारू लागत.

मुलांना मात्र ते देवासारखे, आणि त्याला कारण होतं 'मामला'. महिन्यातल्या एका शनिवारी मधल्या सुट्टीनंतर सर विज्ञानखोलीत घरातल्या वस्तू मांडून एक खोटा गुन्हा उभा करायचे. टेबलावर तवा, तांब्या, गाळणं, फणी, खुंटीला टॉवेल, दाराशी चपला. मुलांनी रांगेनं टेबलाभोवती फिरायचं, 'हात मागं, डोळे पुढं' हा नियम, आणि काय घडलं ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. मी पाहिलेल्या पहिल्या मामल्यात दुधाचं पातेलं रिकामं होतं आणि फरशीवर मांजराचे ओले पंजे उमटलेले होते. ते सरांनी तीन बोटं एकत्र धरून पाण्यानं काढले होते. सगळ्या वर्गानं मांजराला दोषी ठरवलं. मागून एक मुलगा म्हणाला की सर, पातेल्यावर झाकण हाय, मांजर पिऊन झाल्यावर झाकण घालील व्हय. सरांनी त्याला स्वतःचं भिंग दिवसभर वापरायला दिलं. त्या शनिवारी पोरं ताप असला तरी गैरहजर राहत नसत, आणि शेतकामाला जाणाऱ्या आयाही त्या दिवशी त्यांना घरी ठेवून घेत नसत.

मामल्याच्या वस्तू सर घराघरांतून गोळा करत. काटवट यायची काशीबाईची. काशीबाई शाळेत खिचडी शिजवते. तिची भाकरीचं पीठ मळायची लाकडी काटवट चांगली मोठी, सासूच्या हातची, आणि दर मामल्याला ती उसनी न्यायला सर स्वतः तिच्या दारात हजर. तिला हे सगळं पोरखेळ वाटायचं. माझ्या काटवटीत हे मास्तर काय शिजवत्यात देव जाणं, म्हणायची, पण देत असे.

चार-पाच मामले झाल्यावर माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. मांजर, दूध, हे सगळं नवीन वर्गाला गोडी लागेपर्यंत. एकदा वर्ग रुळला की पुढं प्रत्येक वेळी मांडलेलं स्वयंपाकघर एकच असायचं. काटवटीत पिठाचा मोठा गोळा. विझलेल्या शेगडीवर तवा. टोपल्यात फडक्यावर तीन भाकऱ्या. दाराशी चपला नाहीत. आणि निळ्या काठाचे दोन कप, एक रिकामा, एक चहानं काठोकाठ भरलेला. फळ्यावर एकच प्रश्न: दुसरा कप कुणाचा? मुलं लिहायची, पोस्टमनचा, चोराचा, लाईट बिल देणाऱ्याचा, गोळा एवढा मोठा आहे म्हणजे घरात पाहुणे येणार होते, त्यांतल्या एकाचा. एकानं भुताचाही लिहिला होता, ती चिठ्ठी परवा मला सापडली. सर सगळ्या चिठ्ठ्या घरी न्यायचे आणि सोमवारी त्या परत घेऊन लाल डोळ्यांनी शाळेत यायचे. वर्गात उत्तर कधीच सांगत नसत. अजून बघा, म्हणत.

मला वाटायचं, असतो एखाद्याचा एखादा आवडता धडा. माझाही आहे.

एकदा आमच्या उमरग्याच्या घरी पूजा होती, सगळी शाळा जेवायला आली. सर आले आणि नेहमीप्रमाणं बसेनात. हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या अंगणात. कोनाड्यातला देवाचा डबा उचलून बघितला, जागेवर ठेवला, पुन्हा उचलला. मग सगळ्यांच्या देखत माझ्या सासूबाईंना म्हणाले की तुम्ही गूळ खाता, कपाटामागं मुंग्यांची रांग आहे आणि ती तुमच्या उशाकडं जाते. सासूबाईंना साखरेचा त्रास, गूळ बंद केलेला. माझा नवरा आईवर भडकला, आणि सर मात्र रांग कुठून सुरू होते ते बघायला पुन्हा आत गेलेले. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी मला एवढंच म्हणाल्या, "खरं हाय ते. पर इचारलं आसतं तर म्या सांगितलं आसतं की." मला सरांचा इतका संताप आला होता की आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही. माझा डबा बघून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा होता की मला पित्त झालं आहे.

त्यांच्या घरचं मला कळलं ते उन्हाळ्यात, तेही जीपचं चाक पंक्चर झालं म्हणून. सर काही सामान आणायला उमरग्याला निघाले होते, जीपच्या मागच्या पायरीवर उभ्यानंच, आणि मी घरी. लोहारा मागं पडलं आणि भर दुपारी जीप रस्त्याच्या कडेला उभी राहिली. बाकीचे बाभळीच्या विरळ सावलीत बसले. सर जीपभोवती गोल फिरायला लागले. मला उगाच काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं की सर, त्या दुसऱ्या कपाचं खरं उत्तर काय? ते फिरता फिरता म्हणाले, मला माहीत असतं तर मांडला असता का? आणि मग सांगू लागले. ते माझ्या समोरून जात तेवढंच मला ऐकू यायचं, मागच्या बाजूला गेले की वाक्य तुटायचं, त्यामुळं ती गोष्ट मी तुकड्यातुकड्यांनीच ऐकली आहे.

बायकोचं नाव महानंदा. लग्नाला सोळा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मीटिंग लांबली आणि सर दीड तास उशिरा घरी गेले. महानंदा भाकऱ्या करत होती. ओट्यावर दोन कप, एक प्यायलेला आणि एक भरलेला. कप त्यांच्या घरात पाहुण्यांसाठीच निघत, सर स्वतः प्यायचे ग्लासातून. सरांनी बायकोला काही विचारलं नाही. दाराकडं बघितलं, कपाकडं बघितलं, आणि सांगितलं की कुणीतरी आलं होतं, चहा ओतलास, तेवढ्यात माझी चाहूल लागली म्हणून तो न पिताच मागच्या दारानं गेला. तू सांगणार नाहीस, पण कप सांगतोय. महानंदा त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं गॅस बंद केला, हात धुतले, चपला घातल्या आणि गेली. शेजारी गेली असेल असं समजून सर संध्याकाळपर्यंत त्या कपाभोवती फिरत राहिले. दिवेलागणीला आळंदहून मेव्हण्याचा फोन आला.

सर दोनदा आळंदला गेले. पहिल्यांदा ती आतल्या खोलीतून बाहेरच आली नाही. दुसऱ्यांदा मेव्हण्याच्या तोंडी निरोप आला: कप कुणाचा ते त्यांनाच शोधू द्या, सापडलं की या म्हणावं.

"आणि तेव्हापासून तुम्ही शोधताय?" मी विचारलं.

"आठ वर्षं."

"अहो, मग तिलाच का नाही विचारलं?"

सर थांबले. ते थांबले हेच मला विशेष वाटलं. माझ्याकडं असं बघितलं, जसं मी काही भलतंच बोलले. मग म्हणाले, "बाई, विचारून कळलं तर ते कळणं कसलं? माणूस काहीही सांगेल." आणि पुन्हा फिरायला लागले. तेवढ्यात चाक बसलं. उरलेला सगळा रस्ता मी खिडकीबाहेर बघत होते. मला त्या माणसाची दया येत होती आणि त्याच्या थोबाडीत मारावंसंही वाटत होतं. महानंदाबाईंना मी कधी पाहिलेलं नाही, पण त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूची झाले.

पुढच्या वर्षी सरांचं शेवटचं वर्ष. मे अखेरीला निवृत्ती. तशी त्यांची घालमेल वाढली. महिन्याचा मामला पंधरवड्यावर आला, मग दर शनिवारी व्हायला लागला. परीक्षा तोंडावर आली, पालक कुरकुरू लागले, मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं की आता हा शेवटचा. सर खिडकीच्या कट्ट्याला टेकून म्हणाले, बरं. मग मला व्हरांड्यात गाठून म्हणाले की पोरं संपली तर मी कुणाला दाखवू? घरात एकट्यानं मांडून बघितलंय बाई, एकट्याला काही दिसत नाही.  

त्या शेवटच्या शनिवारी मुलं चिठ्ठ्या टाकून घरी गेली. सर डबा उपडा करून एकेक चिठ्ठी वाचत खोलीभर फिरत होते, मी खोली बंद करायची म्हणून दाराशी थांबले होते. एवढ्यात काशीबाई आली. तिची लेक आणि जावई आले होते, तिला काटवट हवी होती. सर म्हणाले, नोडरी काशीबाई, पाच मिनिटं, आलाच आहात तर बघून जा, हात मागं, डोळे पुढं. थट्टेनंच म्हणाले. पण काशीबाईनं पदर खोचला, खरंच हात मागं घेतले आणि टेबलाभोवती एक फेरी मारली. इतक्या वर्षांत तिनं त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. तिला कुणी बोलावलंच नव्हतं.

"टोपल्यात ज्वारीच्या भाकऱ्या," ती म्हणाली, "आन् काटवटीत गव्हाची कणीक. एका येळंला दोन पिठं कशापायी?"

सरांनी सांगितलं की ज्वारीचा गोळा मधल्या सुट्टीपर्यंत चिरतो, म्हणून गव्हाचा ठेवतो. पीठ कुठलं याला महत्त्व नाही.

"मग खरा गोळा किती व्हता?"

सरांनी मूठ मिटून दाखवली. तेवढाच होता, म्हणाले, पण मागच्या मुलांना दिसत नाही म्हणून मोठा केला. मला एकदम चिठ्ठ्या आठवल्या. वर्षानुवर्षं मुलं लिहीत होती, गोळा मोठा, पाहुणे येणार होते. मीही तसंच धरून चालले होते. बेडकाचं हृदय फळ्यावर कलिंगडाएवढं काढायची सवय असते आम्हा शिक्षकांना. मागच्या बाकाला दिसलं पाहिजे. त्या नादात आपण काय काढून ठेवलं याकडं कुणाचं लक्ष जात नाही.

"मुठीयेवढा म्हंजी एका भाकरीचा उंडा," काशीबाई म्हणाली. "ज्वारीचं पीठ कुणी समद्याचं एकदम मळतंय का? एक मळायची, एक थापायची. तीन झाल्या व्हत्या त्या तुमच्या. ह्यो ऱ्हायला त्यो तिचा." ती आता मामल्यातल्या बाईबद्दल बोलत नव्हती, आणि ते आम्हा तिघांनाही कळत होतं. लोहाऱ्यात कुणाच्या घरची गोष्ट कुणाला ठाऊक नाही असं नाही.

मग तिनं भरलेल्या कपाकडं बोट केलं. "ह्याच्यावर बशी न्हवती का?"

"होती की. झाकलेलाच होता," सर म्हणाले. "पण झाकला तर भरलाय का रिकामा ते मुलांना कसं कळणार? म्हणून काढली."

काशीबाई त्यांच्याकडं बघतच राहिली. तिला आधी हसू येत असावं, मग ते गेलं.

"सर, पावण्याला च्या दिला तर बशी खाली आसती. वर झाकली म्हंजी ज्येच्यासाठी हाय त्यो आजून यायचाय."

 सर घाईघाईनं म्हणाले की नाही, ते जमत नाही, मी कपातून पीत नाही, माझा चहा ग्लासात असतो, घरात माझा ग्लास... आणि बोलता बोलता त्यांची नजर खिडकीच्या कट्ट्यावर गेली. तिथं तो होता. सकाळच्या चहानंतर विसळून पालथा घातलेला, 'महानंदा' आणि खाली 'आळंद'. सरांनी तो उचलला. कितीतरी वेळ ती ठिपक्यांची अक्षरं अंगठ्यानं चाचपत राहिले.

"हा मी इथं आणला होता," ते म्हणाले.  "त्याच आठवड्यात. मामल्यात ठेवायला. तिला सांगितलंही नव्हतं."

तिनं ग्लास शोधला असणार. ठरल्या वेळेला चहा केला असणार, ग्लास सापडला नाही म्हणून दोघांचाही पाहुण्यांच्या कपांत ओतला असणार, स्वतःचा प्यायली असणार आणि याचा झाकून ठेवला असणार. दीड तास तो चहा याची वाट बघत होता. आणि हा दारात येऊन म्हणाला, तो मागच्या दारानं गेला. मला हे सगळं इतकं ढळढळीत दिसलं की माझेच डोळे भरून आले, आणि आजवर आपल्याला का दिसलं नाही याची लाजही वाटली. मी रोज सकाळी नवऱ्याचा चहा बशीनं झाकून निघते.

काशीबाईनं काटवटीतला गोळा उचलून टेबलावरच्या ताटलीत ठेवला, काटवट झटकली आणि काखेला मारली. दारातून मागं वळून हळूच म्हणाली, "उपाशी गेली की वो बाई."

सर ग्लास हातात घेऊन खोलीच्या मधोमध उभे होते. मी कुलूप घेऊन बाहेर थांबले. बऱ्याच वेळानं ते ग्लास आणि चहा ओतून दिलेला तो कप घेऊन बाहेर आले आणि किल्ली माझ्या हातात देऊन, पिशवी न घेताच घराकडं चालू लागले. मी ती पिशवी उचलून शिपायाबरोबर पाठवून दिली.

सोमवारी सकाळी उमरग्याच्या जीपमधून लोहाऱ्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा सर सिमेंटच्या बाकावर बसलेले दिसले. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी, आणि त्यातून निळा काठ डोकावत होता. त्याच्याशेजारी ग्लास. धुतलेला शर्ट, या वेळी दोन्ही बाह्या सारख्या. मला वाटलं, आता हे माझ्याकडं बघून सांगणार. माझ्या हाताला हळद लागलेली होती, केस धड विंचरलेले नव्हते, रात्री घरी भांडण झालेलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

"बाई, चहा झाला का?" त्यांनी विचारलं.

आणि उत्तराची वाट बघत माझ्या तोंडाकडं बघत राहिले. सहा वर्षांत त्यांनी मला माझ्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. मी नाही म्हणाले. त्यांनी टपरीवाल्याला दोन चहा सांगितले. आम्ही बाकावर शेजारी बसून प्यायलो, ते कागदाच्या कपातून. त्यांचे गुडघे हलत होते, पण उठले नाहीत. उमरग्याला जाऊन आळंदची गाडी धरायची आहे, एवढंच म्हणाले. मग पिशवीकडं बघत विचारलं, "कप माझाच होता, हे जाऊन सांगतो. पण त्याच्यानंतर काय बोलू? नऊ वर्षं झाली. मला सुचत नाही हो."

 टपरीवरचा स्टोव्ह फरफरत होता, कंडक्टर उमरगा उमरगा ओरडायला लागला होता.

"सांगूच नका काही," मी म्हणाले. "जेवलीस का, एवढं विचारा. आणि ती बोलेपर्यंत थांबा."

सरांनी मान हलवली. पिशवी छातीशी धरून गाडीत चढले आणि खिडकीपाशी जागा मिळाली तिथं बसले. गाडी हलली तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. ते समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. गाडी उमरग्याच्या रस्त्याला वळेपर्यंत मला ते दिसत होते. जेवलीस का. जेवलीस का.